काल्याचं दही लागलं नाही

२ एप्रिल, मंगळवार

चारा छावणीत येऊन महिना झाला. ऊन सकाळीच डोक्यावर. पाण्याचा टँकर उशिरा आला, हौदावर भांडणं. जनावरं हंबरून हंबरून गप झाली. ती गप झाली की मला जास्त भ्या वाटतं.

दगडीच्या गायी वाढल्यात. कास दगडासारखी होते, दुधात गाठी येतात. एवढी जनावरं दाव्याला दावं लावून उभी, धारा काढणारे हात तेच, एकीचं दुसरीला जाणारच. दूध संस्थेने आणलेली औषधाची पेटी संपत आली. चेअरमन सर्जेराव म्हणाले, "डॉक्टर, एवढ्यातच भागवा. पुढची कवा येईल सांगता येत न्हाई."

मला डॉक्टर म्हणतात. मी जनावरांच्या दवाखान्यात शिपाई होतो, शिक्षण सातवी. साहेब सुई देताना बघून शिकलो. निवृत्त झालो तरी लोक बोलावतात. कोणी डॉक्टर म्हटलं की अजून मागे वळून बघतो, खरा कोणी आला का म्हणून.

एका गायीच्या औषधात दोन गायी भागवल्या. संस्था सगळ्यांची. एकाच्या गायीला पूर्ण आणि दुसऱ्याच्या गायीला काहीच नाही, हे बरं दिसत नाही. पेंडसुद्धा आपण अशीच वाटतो. एकालाही नाही म्हटलं नाही.

बोटात सुई शिरली. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. ठणकतंय.

४ एप्रिल, गुरुवार

बन्सीने आजही गायीजवळ येऊ दिलं नाही. त्याच्या गायीला काही झालेलं नाही, पण शेजारच्या दोन्ही गायींना दगडी आहे, म्हणून मी आधीच थोडं औषध देऊन ठेवू म्हटलं. तो चार माणसांत बोलला, "शिपायाच्या हातची सुई माझ्या गायीला नको बे. खरा डॉक्टर आला तर बघू." बाकीचे हसले. त्यातल्या तिघांच्या गायी माझ्याच हातच्या बऱ्या झाल्यात.

म्हातारपणी 'बे' ऐकून घ्यायचं. दिवसभर तेच डोक्यात.

धारूरच्या डॉक्टरने बोटाला गोळ्या दिल्या. हिलाही, माझ्या बायकोला, लघवीला जळजळ आहे, उन्हाने असेल. गोळ्या निम्म्या हिला दिल्या. गोळी ती गोळीच.

८ एप्रिल, सोमवार

पाडवा परवा झाला. गुढ्या छावणीतच, मेढीला बांधल्या. साखरेच्या गाठ्यांवर माश्या.

आज परभणीहून एक मॅडम आल्या. जनावरांच्या कॉलेजात पुढचं शिकतात, नाव पल्लवी. पाठीवर बर्फाची पेटी. त्यांनी हौदाचं पाणी घेतलं, शेण घेतलं, दगडीच्या गायींचं दूध सडातून थेट नळीत घेतलं. पोरं टोळक्याने मागे. एकजण म्हणाला, "शेण न्यायला एवढं शिकावं लागतं व्हय?" मॅडम हसल्या. "लागतं की. तुम्हाला शेण दिसतं, मला त्यातले जंतू बघायचेत."

मग माझ्याकडे आल्या. छावणीच्या मागच्या उतारावर मी रिकाम्या बाटल्या पुरतो तो खड्डाही बघितला. त्यातली मातीही घेतली. त्याच्या खालीच नाल्यातली विहीर, तिचंच पाणी टँकर नाही आला की हौदात येतं. मला कधी सुचलं नव्हतं.

"नाना, औषध किती देता? आणि किती दिवस?"

"पूर्ण देतो," म्हटलं. "साहेब सांगायचे तसंच."

हे का बोललो. कोणी विचारलं नव्हतं, धमकी नव्हती. मुलीएवढी बाई, नाना म्हणाली. आणि मी खोटं बोललो. वर साहेबांचं नाव घातलं.

१२ एप्रिल, शुक्रवार

उद्यापासून सप्ताह. गावात माणूस नाही, म्हणून यंदा मारुतीचा सप्ताह छावणीतच बसवायचा ठरलं. मंडप म्हणजे जनावरांवरची हिरवी जाळीच. वीणेकरी येणार, महाराज येणार. शेवटी हनुमान जयंतीला काल्याचं कीर्तन.

काल्याला दही लागतं. आमच्याकडे रीत अशी की आदल्या संध्याकाळचं दूध कोणी विकायचं नाही. प्रत्येक घराचं दूध एकत्र येतं आणि गयाबाई विरजण लावते. गयाबाई नाईकवाड्यातली धनगराची बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एक गाय आणि थोड्या शेळ्यांवर जगते. पण गावात लग्न असो, बारसं असो, दही तिच्या हातचं. सुरी घातली तर उभी राहते. विरजण मागायला पाटलांच्या सुनाही तिच्या दारात येतात. तिला त्याचा अभिमान आहे, असायलाच पाहिजे, दुसरं काय आहे तिला.

तिच्या चांदी गायीला आज तिसऱ्यांदा औषध दिलं. निम्मंच. उतार नाही. गयाबाई म्हणाली, "नाना, दोन दिस उतरतंय, परत तेच." म्हटलं, उन्हाचा परिणाम. मला जे कळत नाही त्याला मी उन्हाचा परिणाम म्हणतो.

१८ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी दूध जमलं. कळशा, चरव्या, डबे, एकाने तर पाण्याच्या बाटलीत आणलं. ज्यांच्या गायींना औषध चालू आहे त्यांनीही आणलं. देवाला नाही कसं म्हणणार. मी कोणालाच थांबवलं नाही. दवाखान्यात साहेब सांगायचे, सुई दिली की काही दिवस दूध टाकून द्या. लोक हो म्हणायचे आणि घरी जाऊन चहा करायचे. पुढे साहेबही सांगायचे बंद झाले. मी कधी सांगितलंच नाही. दुष्काळात दूध टाका, असं कोणत्या तोंडाने सांगू.

गयाबाईने हात धुतले, पदर खोचला, पातेल्यांना नमस्कार केला. दूध कोमट आहे का ते करंगळी बुडवून बघितलं. विरजण लावून वर फडकी बांधली.

हरिपाठाला बसलो. बोट ठणकतंय.

१९ एप्रिल, शुक्रवार. हनुमान जयंती

दही लागलं नाही.

एकाही पातेल्यात नाही. फडकं काढलं तर आत दूधच. थोडा वास बदललेला. गयाबाईने पळी घातली, वर काढली, धार पडली. परत घातली, परत धार. तिने सगळी पातेली बघितली. मग पहिलं पातेलं परत बघितलं.

चेअरमनची आई सगळ्यांसमोर म्हणाली, "देवाच्या दुधाला काय लावलंस गं बाई?"

धारूरहून गाडी पाठवून विकतचं दही आणलं. प्लास्टिकच्या पिशव्यांतलं. महाराजांनी काला केला, लाह्या त्यात कालवल्या, सगळ्यांनी खाल्ल्या. गयाबाई मंडपाच्या बाहेर बसून होती. प्रसाद तिला कोणी नेऊन दिला नाही. मीही नाही. मनात आलं होतं. द्रोण हातात होता.

२० एप्रिल, शनिवार

वाईट झालं. दिंद्रुडहून माणूस आला. गयाबाईचा चुलत दीर तिकडे वारला, सप्ताहातच. तिला आज कळलं. पण बायांनी जोडून टाकलं. सुतकात दही लावलं, म्हणून लागलं नाही.

गयाबाई म्हणाली, "सांगावा आज आलाय. ऐकलं तवापासनं सुतक. मला काय ठावं?"

चेअरमनची आई म्हणाली, "फोन आला आसंल. दडवलास. मान सुटू ने म्हनून."

तिच्याकडे फोनच नाही. हे सगळ्यांना माहीत आहे.

२२ एप्रिल, सोमवार

हौदावर गयाबाईला शेवटी पाणी. दूध घालायला गेली तर मापाड्याने तिचं माप वेगळं ठेवलं. तिने शेजारणीला विरजण देऊ केलं, ती म्हणाली, "न्हाई, हाय माझ्याकडं." नव्हतं. मी बघत होतो.

मी काय करू शकतो. मला तरी काय माहीत दही का लागलं नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

मॅडम परत आल्या. परत पाणी, परत शेण. मी उगाच विचारावं तसं विचारलं, मॅडम, एवढ्या गरमीत दूध विरजत का नसेल.

त्यांनी हातातलं काम थांबवलं. "कुणाचं दूध?"

सांगितलं. त्यांनी माझ्याकडून दोन वाट्या मागितल्या. एकीत चांदीचं दूध. दुसरीसाठी म्हणाल्या, जिला बरेच दिवस काही औषध नाही अशी गाय. बन्सीचं नाव सांगितलं, पण मी त्याच्याकडे जाणार नव्हतो. त्याच स्वतः गेल्या आणि दूध घेऊन आल्या. दोन्हीत सारखंच विरजण लावलं. वाट्या माझ्या बाजेखाली ठेवून म्हणाल्या, "मी धारूरला मुक्कामाला आहे. सकाळी येते."

२६ एप्रिल, शुक्रवार

बन्सीच्या गायीचं लागलं. घट्ट, वर पिवळी साय. चांदीचं दूध तसंच पातळ.

मॅडम म्हणाल्या, "नाना, दही म्हणजे तरी काय, जंतूच लावतात ते. चांगले जंतू. तुमचं औषध दुधात उतरलं आणि त्याने ते मारले. थोड्या गायींचं असलं तरी सगळं पातेलं बिघडतं. गयाबाईंच्या हाताचा काही दोष नाही."

मी म्हटलं, "औषध एवढं कडक, तर चांदीचा आजार का जात नाही?"

त्यांनी फोनवर फोटो दाखवले. काचेच्या ताटलीत जंतू वाढवलेले, साय धरल्यासारखे. मधे औषधाचा कागदी ठिपका. औषधाने जंतू मरत असतील तर ठिपक्याभोवती मोकळं कुंडाळं पडतं. चांदीच्या दुधातले जंतू ठिपक्याला अगदी खेटून उगवलेले. कुंडाळं नाही. हौदाच्या पाण्यातले तसेच. माझ्या खड्ड्यातल्या मातीतले तसेच.

"औषध कमी पडलं की नाजूक जंतू मरतात, चिवट राहतात. मग त्यांचीच प्रजा वाढते. शेणातून, मुतातून औषध खाली जातं, तिथेही तेच होतं. पाण्यातून परत गायीत. माणसातसुद्धा." मग हळूच विचारलं, "नाना, डोस पूर्ण देत होतात ना?"

म्हटलं, "एकाचं दोघींना देत होतो."

"का?"

"सगळ्यांना पुरावं म्हणून."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या गोळ्या हिला निम्म्या दिल्याचंही सांगितलं. माझ्या बोटाकडे बघून म्हणाल्या, हे दवाखान्यात दाखवा, गोळ्या पूर्ण घ्या, आजींनाही वेगळं दाखवा. चेअरमनशी बोलायला गेल्या तर ते तालुक्याला गेलेले. "मी कॉलेजातून लेखी कळवीन. पण कागदाला वेळ लागतो. तुम्ही आधी बोला. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील. म्हणूनच तर झालं हे सगळं.

दुपारी गयाबाई शेणाच्या पाट्या टाकून आली. बाजेखालच्या वाट्या बघितल्या, घासून आणून दिल्या. तिला काम लागतं, नाही तर हात रिकामे राहतात. म्हणाली, "नाना, एकात दही, एकात दूध. आसं कावून?"

म्हटलं, "मॅडमचं काहीतरी."

२७ एप्रिल, शनिवार

चेअरमनकडे गेलो. ते खुर्चीत, मी बाजेच्या कडेवर. सगळं सांगितलं, वाट्यांचंही, फोटोंचंही.

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "नाना, तुमी आन् मी दोघंच हाव म्हनून बोलतो. वर दूध संघाला कळलं की ह्या छावनीच्या दुधात औषध हाय, तर दुधाचा टँकर उद्यापासनं बंद. दुसरं काय हाय लोकांकडं? शेत हाय? पानी हाय? एका बाईच्या दह्यापायी सगळ्या छावनीच्या पोटावर पाय देता?"

"तिचं नाव गेलं, सर्जेराव."

"नाव येतं परत. चार दिस बोलतील, इसरतील. आन् एक सांगू? लोक इचारतील औषध कुनी दिलं. तवा मी मधी पडनार न्हाई."

चहा आला. प्यालो. कोणाच्या गायीचा होता देव जाणे.

त्यांचं म्हणणं सगळंच चूक नाही. हेच तर. टँकर बंद झाला तर तिचंही दूध बंद. मग बोलून तिचं भलं झालं की… पण घरी येताना डोक्यात टँकर नव्हता. त्यांचं शेवटचं वाक्य होतं.

२९ एप्रिल, सोमवार

बायांनी गयाबाईला सांगितलं, मारुतीला चूक कबूल कर, नारळ फोड, म्हणजे मिटलं. ती भर उन्हात अनवाणी गावातल्या देवळात जाऊन आली. जी चूक केली नाही ती कबूल करून आली. परत येताना माझ्याकडे थांबली. पाय भाजलेले. हिने पाणी दिलं.

"नाना, चांदीला बघा की. तुमच्या हाताला गुन हाय."

मी चांदीची कास बघितली. एक सड वाळत चाललाय. तो आता सुधारत नाही.

"नाना," ती म्हणाली, "माझ्या हाताचा गुन गेला का वो? परवा घरच्यापुरतं लावलं, तेबी लागलं न्हाई."

चांदीचंच दूध. कसं लागेल.

मी म्हटलं, "उन्हाचा परिणाम असेल."

ही माझ्याकडे बघत होती. ती गेल्यावर म्हणाली, "तुमचं तोंड आसं का झालंय?"

१ मे, बुधवार

नवी पेटी आली. औषध द्यायला बोलावलं, गेलो नाही. बोट दाखवून म्हटलं, हात चालत नाही. लोक कुरकुरले. "डॉक्टर रुसले का?" म्हटलं, तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांना बोलवा. "ते येईस्तवर गाय मरंल." खरं आहे तेही.

खड्डा बघून आलो. बाटल्या उकरून पोत्यात भरल्या. पोतं आता खोपटाच्या मागे. कुठे नेऊन टाकायचं कळत नाही. जिथे टाकीन तिथे खाली कोणाची तरी विहीर असेल.

३ मे, शुक्रवार

गयाबाई चाललीय. अक्षय तृतीया झाली की चांदीला बाजारात विकून पाटोद्याला भाच्याकडे राहायला. मला म्हणाली नाही, हिला म्हणाली. "हितं आता कुनी माझ्या हातचं पानी पिईना. पर तिथं तरी दह्याला कोन इचारनार." अशा कासेच्या चांदीला कोण घेणार ते तिलाही माहीत आहे. कोण घेतो तेही.

हिला सगळं सांगितलं. वाट्या, फोटो, चेअरमन. ही भाकरी थापत होती, थापायची थांबली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "मग गोळ्याबी अर्ध्याच खाल्ल्या म्हना की आपन." आणि हसली. मला हसू आलं नाही. मग भाकरी उलटताना म्हणाली, "ती बाई उनात अनवानी गेली. तुमी बघत बसला."

५ मे, रविवार

ठरवलं. बोलून कोणी ऐकणार नाही, मी काही मॅडम नाही. फोटो नाहीत माझ्याकडे. पण दोन पातेली मांडता येतील. एक औषधाच्या गायींचं, नव्या पेटीतलं लोक आता स्वतःच टोचतायत, आणि एक बिनऔषधाच्या. विरजण लावणार गयाबाई, सगळ्यांसमोर. अक्षय तृतीयेला सकाळी पितरांच्या घागरी भरायला सगळे हौदाशी जमतात, तेव्हा उघडायचं.

बिनऔषधाची गाय शोधायला निघालो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. हिला पंधरवड्यात दिलंय. हिलाही. ही गाभण आहे, दूध नाही. हिला दगडी नव्हती तरी मालक म्हणाला म्हणून दिलं. ह्या ओळीत सगळ्यांना. दुभत्या गायींत नक्की खात्रीची म्हणावी अशी शेवटी एकच उरली.

बन्सी बाजेवर पडून बिडी ओढत होता.

"बन्सी, तुझ्या गायीचं उद्याचं दूध पाहिजे."

"कावून? सुई द्यायला मिळाली न्हाई, आता पिळायला आले व्हय?"

मी उभाच. म्हटलं, "तू माझी सुई लावू दिली नाहीस, ते बरं केलंस. छावणीत तुझ्याच गायीचं दूध नीट आहे."

तो उठून बसला. बिडी विझवली. बायकोला हाक मारली, "अगं ए, हिकडं ये. हे काय म्हनत्यात ऐक. परत म्हना बे नाना."

परत म्हटलं. त्याच्या बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर. काही राहिलं नाही आता लाजायचं, असं वाटलं. तसं नसतं.

दूध देतो म्हणाला.

६ मे, सोमवार

संध्याकाळी गयाबाईच्या दावणीला गेलो. म्हटलं, दोन पातेल्यांत विरजण लावायचंय, मारुतीच्या फोटोसमोर, चल.

"मला न्हाई हात लावायचा, नाना. परत न्हाई लागलं तर?"

"एकात लागेल, एकात लागणार नाही. लागणार नाही ते माझ्यामुळे. तू फक्त लाव."

"तुमच्यामुळं कसं?"

"उद्या सांगतो. सगळ्यांसमोर."

ती यायला तयार नव्हती. ही तिचा हात धरून घेऊन आली. गयाबाईने हात धुतले. परत धुतले. करंगळी बुडवली. दोन्ही पातेल्यांत विरजण लावलं, फडकी बांधली. चार बाया लांबून बघत होत्या. चेअरमनची गाडी थांबली, काच खाली झाली, वर झाली, गाडी गेली.

लिहितोय आणि सारखं मनात येतंय, बन्सीच्या बायकोने भांडं नीट धुतलं असेल ना. गुपचूप कोणाकडून त्या गायीला काही टोचून घेतलं नसेल ना. दोन्हींत नाही लागलं तर गयाबाईला मीच संपवली.

७ मे, मंगळवार. अक्षय तृतीया

हौदाशी सगळे जमले. मी आधी बोललो, मग फडकी काढायला सांगितली. उलटं केलं असतं तर बोलण्याचं धाडस झालं नसतं. एका गायीचं औषध दोघींना दिलं. तसं देऊन आजार जात नाही, मुरतो. औषध चालू असलेलं दूध पातेल्यात आलं, म्हणून काल्याचं दही लागलं नाही. औषध मी दिलं. दूध टाका, हे मी सांगितलं नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला बाटल्या मी पुरल्या. एवढं बोललो. आवाज फार मोठा नव्हता. मागच्यांना ऐकू आलं नसेल तर पुढच्यांनी सांगितलं असेल.

गयाबाईने फडकी काढली. बन्सीच्या दुधात पळी घातली. पळी उभी राहिली.

दुसऱ्यात धार.

सगळे एकदम बोलले. "मग आमी इतके दिस काय पीत व्हतो?" "लेकराला तेच दूध पाजलं मी." "आता काय दूध नाल्यात ओतायचं व्हय, नाना?" एकजण अंगावर आला. त्याला बन्सीने धरलं. बन्सीने. "म्हातारा हाय बे, सोड."

चेअरमन म्हणाले, सभा बोलावतो, तोवर कोणी बाहेर बोलू नका. संघाचा टँकर फाटकाशी उभा होता. काही लोकांनी दूध घातलं. काही जण कळशी हातात धरून नुसतेच उभे राहिले. टँकर भरला की नाही मी बघितलं नाही. चेअरमनच्या आईने दह्याच्या पातेल्यात बोट बुडवून चाटलं आणि गयाबाईला म्हणाली, "थोडं विरजण दे गं." एवढंच. बाकी काही म्हणाली नाही.

दुपारी गयाबाई पातेलं न्यायला आली. मी वाट बघत होतो ती काहीतरी बोलेल म्हणून. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

"नाना, चांदीला आता कंचंच औषध लागू न्हाई का?"

"मॅडमला विचारतो. दुसरं असतं एखादं. खात्री नाही."

ती पातेलं पदराने पुसत राहिली. कोरडंच होतं.

"तुमाला कवा कळलं, नाना?"

"परवा," म्हटलं. "परवाच कळलं."

तिने मान हलवली. पातेलं कमरेवर घेतलं आणि गेली. पाय अजून टाकता येत नाही तिला नीट.

ती गेल्यावर आठवलं. त्या दोन वाट्या. तिनेच घासून आणून दिल्या होत्या. नारळ फोडायला गेली त्याच्या आधी. एकात दही, एकात दूध, आसं कावून, हे तिनेच विचारलं होतं.

ही आतून म्हणाली, "सांगितलं का तिला समदं?"

"सांगितलं."

"समदं?"

मी बाहेर उन्हाकडे बघितलं. ही म्हणाली, ऊन उतरलं की जाऊन या तिच्याकडं.

ऊन उतरलं. समोरच्या ओळीत ती चांदीला पाणी दाखवतेय, इथून दिसतेय. मी चप्पल घातलीय. अजून बाजेवरच बसलोय.